पांढरा धूर आणि तीन मिस्त्री

प्रश्न : मागच्या दिवाळीत मुंबईहून जुनी पोर्शे केमन एस घेतली. २००७ची, मॅन्युअल, मीटरवर ५२ हजार किलोमीटर. कॉलेजपासूनचं वेड होतं, धंद्यात दोन वर्षं बरी गेली, घेऊन टाकली. गेल्या महिन्यापासून सकाळी स्टार्ट केली की मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. शेजारचे गॅलरीत येऊन बघतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचं तर फ्लॅटबेड ट्रकवर घालून परगावी पाठवावी लागते. म्हणून बाहेरचा चांगला मेकॅनिक शोधतोय. तिघांना विचारलं. वर्धा रोडवरच्या एका चकाचक गॅरेजात स्कॅनर लावून सांगितलं, "आयएमएस बेअरिंग गेलं. इंजिन खोलावं लागत नाही, गिअरबॉक्स उतरवून नवीन टाकून देतो. साडेपाच लाख." मुंबईतल्या एका पोर्शेवाल्याला फोन केला, तर त्यानेच मला पंधरा प्रश्न विचारले. आणि कामठी रोडचे म्हातारे मिस्त्री, ज्यांनी वडिलांची कॉन्टेसा वीस वर्षं सांभाळली, ते म्हणाले, "मालक, हे गाडी माह्या हाताखालून कधी गेली नाई. धूर पायतो, पण इंजिन मी खोलत नाई." बायको म्हणते विकून टाका. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी एक करा. गाडीची चावी वहिनींकडे द्या आणि हे निस्तरेपर्यंत फिरवायला म्हणून परत मागू नका. तुम्ही म्हणता तसा खरंच लोट असेल, तर इंजिन हवेबरोबर तेलही ओढतंय अशी शंका घ्यायला जागा आहे. ते तेल जास्त झालं आणि सिलिंडरमध्ये साचलं, तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग साडेपाच लाखांचा आकडाही तुम्हाला गोड वाटायला लागेल.

मी मेकॅनिक नाही. पंचवीसेक वर्षं जुन्या जर्मन गाड्या पाळल्या, त्यांच्यापायी घरी बोलणी खाल्ली, आणि मिस्त्री पारखायला मात्र शिकलो. त्यामुळे पत्रावरून गाडीचं निदान सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. पण तुमच्या धुराने एक मोठं काम केलंय. त्याने तिन्ही मिस्त्र्यांची परीक्षा घेतली आहे, निकाल तुमच्या पत्रातच आहे.

वर्धा रोडपासून सुरू करू. आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, क्रँककडून कॅमशाफ्टकडे फेर पोचवणारा मधला दांडा. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला जे बेअरिंग असतं, त्याने पोर्शेच्या त्या पिढीतल्या इंजिनांचं नाव जगभर खराब केलं. आता हे नीट वाचा. साधारण २००५ पर्यंतच्या इंजिनांत ते बेअरिंग लहान आहे. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवलं की पुलर लावून ओढून काढता येतं. नंतर कंपनीने ते मोठं केलं, मजबूत केलं, पण इतकं मोठं की ब्लॉकच्या भोकातून ते बाहेरच येत नाही. काढायचं झालं तर इंजिन खाली घेऊन ब्लॉकचे दोन्ही भाग सुटे करावे लागतात. २००९च्या मॉडेलपासून तर तो दांडाच इंजिनातून गेला. तुमची गाडी २००७ची. "गिअरबॉक्स उतरवून टाकून देतो" हे वाक्य तुमच्या गाडीला लागूच होत नाही. शिवाय हे बेअरिंग जायला लागलं की खडखड ऐकू येते, तेलात धातूचा चुरा दिसतो. पांढरा धूर हे त्याचं लक्षण नव्हे. म्हणजे त्या माणसाने इंटरनेटवर पोर्शेचा सगळ्यात गाजलेला आजार वाचला आणि तुमच्या गाडीला चिकटवला. तो लबाडच असेल असं मी म्हणत नाही. कदाचित एसी, सस्पेन्शन, डेंटिंग-पेंटिंग झकास करत असेल. पण या इंजिनाला त्याचा पाना लागता कामा नये.

मग धूर कशाचा? ज्याने ही इंजिनं हाताळली आहेत, तो सगळ्यात आधी एका फुटकळ भागाकडे बोट दाखवील : एअर-ऑइल सेपरेटर. इंजिनच्या पोटात जी तेलकट वाफ तयार होते, तिच्यातलं तेल वेगळं करून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, परत सोडायचं आणि उरलेली वाफ इनटेककडे जळायला पाठवायची, एवढंच त्याचं काम. आत एक रबरी पडदा असतो. इतक्या वर्षांचं रबर आणि आपला मे महिना, दोघांचं जमत नाही. पडदा फाटला की इनटेक थेट चेंबरमधून तेल खेचतो आणि मागे ढग निघतात. याची एक जुनी खूण आहे. गाडी जागेवर उभी आणि इंजिन नुसतं चालू, म्हणजे आयडलला, असताना तेलाची टोपी काढायला गेलं तर ती निघता निघत नाही, आतून कोणी धरून ठेवल्यासारखी. थोडी ओढ असतेच, पण झटापट करावी लागली तर समजायचं. पक्कं मोजायचं तर दाब मोजणारा मॅनोमीटर लावतात. हे तुम्ही स्वतः करत बसू नका, मिस्त्रींसमोर एकदाच मिनिटभर होऊ द्या. आणि हो, ही आडव्या सिलिंडरची इंजिनं आहेत. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी एखादी छोटी फुंकर धुराची आली तर तो आजार नव्हे, सवय आहे. तुमच्या शेजाऱ्यांना गॅलरीत बोलावणारा लोट ही गोष्ट वेगळी.

मुंबईवाल्याने पंधरा प्रश्न विचारले म्हणून तुम्ही थोडे वैतागलेले दिसता. मला तर तो माणूस तिथेच आवडला. धूर थंड इंजिनावर की गरम झाल्यावर, किती वेळ टिकतो, वास तेलाचा की गोडसर, कूलंट कमी होतंय का, सायलेन्सर पाइपला काजळी जास्त धरते का? हेच विचारलं असणार. गोडसर वास म्हणजे कूलंट जळतंय. आणि पाइप काजळलेला, तेल पिणं वाढलेलं, गरम झाल्यावर टिकटिक, असं असेल तर केमन एसच्या ३.४ लिटर इंजिनाचा खरा शत्रू वेगळाच आहे. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडणं, बोर स्कोअरिंग. ते असेल तर प्लगच्या भोकातून नळीचा कॅमेरा घालून, नाहीतर चेंबर उतरवून खालून बघावं लागतं. ते काम मोठं आणि महाग. म्हणूनच शहाणा माणूस फोनवर रोगाचं नाव सांगत नाही.

आणि कामठी रोडचे मिस्त्री. "इंजिन मी खोलत नाई." भाऊ, हे वाक्य फ्रेम करून दुकानात लावण्यासारखं आहे. नागपुरात "टेन्शन नका घेऊ न साहेब, होऊन जाते" म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. आपली हद्द कुठे संपते ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा मिस्त्री मी आयुष्यात तीन-चारच पाहिले.

तेव्हा माझं म्हणणं असं, की तुम्ही एक माणूस शोधताय आणि तिथेच गोम आहे. आपल्या गावात या गाड्या इतक्या नाहीत की केवळ त्यांच्यावर कोणाची चूल पेटावी. दिवसाआड पोर्शे खोलल्याशिवाय हात बसत नाही, आणि तेवढ्या गाड्या मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणीच दारात येतात. म्हणून दोन माणसं ठेवा. जवळचा मिस्त्री ऑइल, ब्रेक, टायर, बॅटरी, सस्पेन्शनसाठी; लांबचा जाणकार इंजिन, क्लच, इलेक्ट्रॉनिक्ससाठी. आणि दोघांची फोनवर ओळख करून द्या. लांबच्याला सरळ विचारा, "तुम्ही नागपूरला याल का?" असे बरेच जण गिऱ्हाइकाकडे जातात. सकाळच्या विमानाने टूलकिट आणि लॅपटॉप घेऊन यायचं, दिवसभर काम करून संध्याकाळी परत. सेपरेटरसारखं काम असेल तर येणं-जाणं आणि मजुरी धरूनही गाडी फ्लॅटबेडने मुंबईला पाठवून परत आणण्यापेक्षा जड जाऊ नये. गाडी चालवत मात्र नेऊ नका. समृद्धीचे ७०१ किलोमीटर मोह घालतील, पण या धुरासकट नाही.

मुंबईवाल्यालाही डोळे झाकून हो म्हणू नका. तुमच्याच मॉडेलची किती इंजिनं त्याने हाताळली ते विचारा, आणि त्यातल्या दोन-तीन मालकांशी बोला. त्यांना "काम चांगलं करतो का?" हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. "याच्या हातून कधी काही चुकलं का, आणि मग तो कसा वागला?" हे विचारा. तिथे जी शांतता पसरते किंवा जी गोष्ट निघते, त्यात तुमचं उत्तर असतं.

त्याच्याकडे पायविस किंवा त्या तोडीचं डायग्नोस्टिक आहे का बघा. पोर्शेचा स्वतःचा टेस्टर म्हणजे पायविस. साधा ओबीडी स्कॅनर चेक इंजिन लाइटचे सर्वसामान्य कोड दाखवतो, त्यापलीकडे फारसं नाही. खरं टेस्टर लावलं की इंजिनच्या कॉम्प्युटरमधली दोन माणिकं बाहेर येतात. एक, इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलंय. मॅन्युअल गाडीत हे फार बोलकं, कारण चौथ्याऐवजी दुसरा पडला की तिथे नोंद होते. दुसरं, इंजिन एकूण किती तास चाललं. ५२ हजार किलोमीटरला तासांनी भागा. २,६०० तास निघाले तर सरासरी ताशी वीस. मुंबईच्या ट्रॅफिकमधली गाडी म्हणून पटतं. सरासरी सात-आठ आली, तर मीटर कोणीतरी मागे फिरवलंय आणि तुम्ही वेगळीच गाडी घेतली आहे. हे घेण्याआधी करायचं असतं, पण असो. विकणाऱ्याशी भांडायला नाही, तरी गाडीचं खरं वय कळायला उपयोगी पडेल.

आता जवळच्या मिस्त्रींची गोष्ट. त्यांना पोर्शे माहीत नाही हे काही त्यांचं पाप नाही, पण शिस्त आहे का ते पाहून घ्या. त्यासाठी एक साधं ऑइल चेंज त्यांच्याकडून करवून घ्या आणि स्टूल टाकून शेजारी बसा. गाडी जॅकवर कुठे घेतात ते बघा. तुमच्या गाडीचे रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटच्या मागे, त्यामुळे कूलंटचे पाइप पोटाखालून आरपार जातात. जॅक मनाला येईल तिथे लावला की संपलं. पुढचं झाकण उघडून इंजिन शोधू लागले तर हसू नका, सगळ्यांचं पहिल्यांदा होतं. पुढे डिकी आहे, मागेही डिकी आहे, आणि इंजिन मधे लपलंय. तेल मागच्या डिकीतून घालतात. तेल पोर्शेची ए४० मान्यता डब्यावर छापलेलं घ्या, साधारण ०डब्ल्यू-४०. सात-आठ लिटर लागतं, तेव्हा "चार लिटरमध्ये होते" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

जुना फिल्टर मात्र फेकू देऊ नका. या इंजिनात कागदी फिल्टर प्लास्टिकच्या वाटीत बसतो. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री तो बाहेर काढतो, कात्रीने दोन्ही टोकं कापतो, कागद हार्मोनियमच्या भात्यासारखा ताणून वर्तमानपत्रावर पसरतो आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरतो. एक शब्द बोलत नाही. काळ्या तेलात मधेच एखादा ठिपका चमकला की खिशातून लोहचुंबक काढतो, फडक्यात गुंडाळून त्यावरून फिरवतो. चिकटला तर लोखंड, म्हणजे बेअरिंग किंवा चेन. नाही चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियम, म्हणजे शोध दुसरीकडे. काळ्या प्लास्टिकच्या चिपा दिसल्या तर त्याचा अर्थ आणखी वेगळा. सगळं पाच मिनिटांत, आणि त्याचे फोटो तारखेसह माझ्याकडे आहेत. तुमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना हे एकदा शिकवलं, की दर ऑइल चेंजला ते फोटो मुंबईवाल्याला जातील. ही गाडी सांभाळण्यात याहून स्वस्त विमा नाही. आणि ऑइल चेंज कंपनीच्या पुस्तकातल्या लांब अंतराने नको. वर्षातून एकदा किंवा ८ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते.

चाकाचे बोल्टही बघा. हवेची गन लावून घर्रकन आवळणारा पोऱ्या दिसला तर उठून उभे राहा. तुमच्या गाडीला १३० न्यूटन-मीटर, ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क रेंचने, ताऱ्यासारखे समोरासमोरचे. गनने आवळलेला बोल्ट नंतर हातच्या पान्याने सुटत नाही. टायर बदलायचे नसले तरी त्यांच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. हौसेच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, ते नुसते म्हातारे होतात. वरून नक्षी नवी दिसते, आणि सिमेंटच्या रस्त्यावर मे महिन्यात १२०ने जाताना दगा देतात.

नागपूरसाठी एक खास प्रश्न आहे, तो दोघांनाही विचारा : "उन्हाळ्याआधी या गाडीचं काय कराल?" कूलंट बघतो, एसीचा गॅस बघतो, हे उत्तर सगळे देतील. पूर्ण मार्क त्याला, जो म्हणेल "पुढचा बंपर काढतो." रेडिएटर बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आत बसवलेले आहेत आणि त्यांच्यासमोर एसीचे कंडेन्सर. त्या फटींत वर्षभराची निंबाची पानं, धूळ, प्लास्टिकच्या पिशव्या जाऊन बसतात, ओल धरतात, जाळी कुजते. बाहेरून काही दिसत नाही. ४५ डिग्रीत रहाटे कॉलनी चौकातल्या सिग्नलला उभं राहिलं की काटा वर चढतो आणि मग मिस्त्री थर्मोस्टॅट बदलतो, पंप बदलतो, सेन्सर बदलतो. बंपर काढून साफ करायला अर्धा दिवस लागतो. मी दर होळीला करवून घेतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. जॉब कार्ड लेखी, अंदाज लेखी, वाढीव कामाआधी फोन, जुने भाग परत, भाग बसवण्याआधी डब्याचा आणि पार्ट नंबरचा फोटो, बिल जीएसटीचं. जे आग्रहाने "कच्चं बिल चालेल न?" विचारतं ते गॅरेज सोडा. पक्कं बिल हातात असलं तर वाईट वेळी जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं. शिवाय गाडीची पंधरा वर्षं उलटून नूतनीकरण झालेलं असणार, ते पाच वर्षांपुरतंच असतं, मुदत संपली की पुन्हा आरटीओत उभी करावी लागेल. फाइल तेव्हाही कामी येते.

गाडी रात्री कुठे उभी राहील तेही बघून या. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा तळमजल्यात उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गॅरेज बेसमेंटमध्ये असेल तर पावसाळ्यात तिथे मुक्काम नको. आणि टेस्ट ड्राइव्ह कोण घेणार ते नावानिशी ठरवा. माझी जुनी बीएमडब्ल्यू एकदा एका गॅरेजातून परत आली, तेव्हा मीटर ३१ किलोमीटर पुढे होतं आणि हँडब्रेकच्या कातड्यावर तर्रीचा लाल डाग. पोरं पोहे खायला घेऊन गेली होती! मालकाला विचारलं तर म्हणे, "साहेब, ब्रेक चेक केले." तेव्हापासून गाडी देताना मीटरचा फोटो काढतो आणि तो काढताना त्यांना दिसेल असा काढतो.

तुमच्या गाडीला वॉरंटीची भीती नाही, ती केव्हाच संपली. पण नवी महागडी गाडी असलेल्या वाचकांसाठी एक ओळ : भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना न देण्यावरूनच. बाहेर काम केलं की सरसकट वॉरंटी रद्द, ही अटही आयोगाने चालू दिली नाही. पुढे अपिलं झाली, ती वेगळी कथा. काउंटरवर "बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली" असं कोणी नुसतं तोंडी म्हणालं, तर ते लेखी मागा. बरेचदा तिथेच विषय बदलतो.

राहिला वहिनींचा प्रश्न. विकायची असेल तरी धुरासकट विकू नका, भंगाराच्या भावात जाईल. आधी सेपरेटर तपासा, कॅमेऱ्याने सिलिंडर बघून घ्या. सिलिंडर स्वच्छ निघाले तर गाडी ठेवा, अशी हातगिअरची केमन पुन्हा हाती लागणार नाही. ओरखडे निघाले तर वहिनींचं ऐका, ग्राहकाला फोटो दाखवून खऱ्या भावात द्या. आणि येत्या रविवारी मिस्त्रींना घरी चहाला बोलवा. टोपी त्यांनाच फिरवू द्या, तुम्ही चावीपाशी बसा. टोपी अडकली की लगेच बंद करा आणि मुंबईला फोन लावा. सोळावा प्रश्न तो विचारेलच.